दोन घरांतले एकेचाळीस फरक

पंख्याचा रेग्युलेटर. एक, दोन, तीन, चार, पाच. पाच, चार, तीन, दोन, एक.

*

सोसायटीच्या फलकावरची सूचना: ‘ब-१२ मधील लहान मुलाच्या ओरडण्याबद्दल तक्रारी आल्या आहेत. ओरडण्यास मनाई नाही. दुपारी एक ते चार मात्र आहे.’

*

वाशीम जिल्ह्यातल्या एका गावात पिठाची गिरणी आहे. गिरणी चालू असताना तिच्या मागच्या भिंतीला एका ठिकाणी तळवा टेकवला की कोपरापर्यंत मुंग्या येतात. वीतभर बाजूला टेकवला तर येत नाहीत.

*

एकतिसावा आठवडा.

*

एकच प्रोग्रॅम दोन मशीनवर टाका. एकावर चालला आणि दुसऱ्यावर बंद पडला, तर प्रोग्रॅमकडे बघूसुद्धा नका. मशीनकडे बघा. हिंजवडीतल्या एका कंपनीत नव्या टेस्टरांना हे पहिल्या दिवशी शिकवतात. शिकवणाऱ्याचं नाव बद्रीनाथ.

*

“आई, मी जेवलो.”

*

आता रांगेने सांगतो.

बद्रीनाथ वाशीमकडचा. दोन हजार साल उजाडलं की जगातले संगणक मान टाकणार, अशी हाकाटी उठली होती त्या काळात तो पुण्यात आला आणि दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्याच्या कामाला लागला. दोन हजार साल उजाडलं, काही झालं नाही, पण बद्रीनाथचं बस्तान बसलं. कोथरूडमध्ये दुसऱ्या मजल्यावर घर झालं. बायको प्रियदर्शनी शेजारच्याच तालुक्यातली. ती कोथरूडच्या एका क्लासमध्ये अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवायची.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, तशी तिकिटंही काढून झाली होती. पण गाडीच्या आठ दिवस आधीच, जून २००१ मध्ये, तिला कळा सुरू झाल्या. नऊ आठवडे लवकर. दोन मुलगे, एकरूप जुळे: एकाच बीजाचे दोन भाग झालेले. सार्थक आणि सुदर्शन. अडतीस दिवस दोघेही काचेच्या पेटीत होते.

मुलं घरी आली तेव्हा प्रियदर्शनीची आई, गोदाबाई, गावाहून आली. महिनाभर राहिली आणि निघताना म्हणाली, “दोन लेकरं एका बाईच्यानं नाही होत, जवाई. आमच्याकडं जुळ्यातलं एक आजोळीच वाढते. एक मले द्या.”

दोन महिने प्रियदर्शनी सलग तीन तास झोपली नव्हती. सुदर्शन आजोळी गेला.

२००२ च्या दिवाळीला हे तिघे गावी जाऊन आले. दोघेही सोळा महिन्यांचे, दोघेही बोलत नव्हते. वेळेआधीची मुलं, लागायचाच उशीर. पुढच्या दिवाळीला बद्रीनाथला कंपनीने सहा महिने अमेरिकेला पाठवलं. सार्थकला घेऊन एकटीने बारा-चौदा तासांचा प्रवास करणं प्रियदर्शनीला शक्य नव्हतं, कारण तोवर सार्थक बसमध्ये चढताच किंचाळायला लागला होता. मग उरला फोन. रविवारी सकाळी दहा वाजता.

त्या फोनवर सुदर्शन बोलायचा. थोडंच, पण स्पष्ट. “आई.” “मी जेवलो.” “मोती पळाला.” मोती म्हणजे तिकडचा कुत्रा.

इकडे सार्थक पंख्याचा रेग्युलेटर फिरवायचा.

*

एप्रिल २००४. शनिवार पेठेतला पहिला मजला, लाकडी जिना, बाहेर चपलांसाठी फळी आणि फळीवर ‘चपला ओळीत’ अशी पाटी. डॉक्टरीणबाई साठीच्या. त्यांनी सार्थकला पाऊण तास जमिनीवर बसून पाहिलं, मग खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, “ऑटिझम. मराठीत स्वमग्नता म्हणतात. मला दोन्ही शब्द फारसे आवडत नाहीत, पण दुसरा नाही.”

“कशामुळे?” बद्रीनाथने विचारलं.

“जन्मतः कल असतो. त्यावर पोटात असताना आणि पहिल्या काही वर्षांत काय काय घडतं, त्याचा परिणाम होतो. कशाचा वाटा किती, हे आज कुणी सांगू शकत नाही.”

“मी सांगू शकतो.”

बाईंनी पेन खाली ठेवलं.

“माझ्याकडे दुसरा आहे,” तो म्हणाला. “एकरूप जुळा. आजोळी वाढतोय. तो बोलतो.”

“पाहिलात?”

“ऐकलाय. दर रविवारी.”

“एकरूप जुळ्यांत एक असा निघाला, तर दुसऱ्यातही बहुतेक वेळा थोडंफार काहीतरी सापडतं. नेहमी नाही. म्हणून त्याला आणा, मी पाहते.”

“नाही,” बद्रीनाथ म्हणाला. “चालत्या सिस्टीमला हात लावायचा नसतो.”

“सिस्टीमला आजी असते का हो?” बाई म्हणाल्या. उत्तराची वाट न पाहता त्यांनी चिठ्ठी लिहिली. कोथरूडमध्येच, घरापासून दहा मिनिटांवर, अशा मुलांना शिकवणारं एक केंद्र होतं. जूनपासून तिथे एक जागा मोकळी होती. एकच. “पाच जूनपर्यंत माझ्या शब्दावर धरून ठेवतील. तीन वर्षांच्या मुलाचा एक महिना म्हणजे किती, ते तुम्हाला पुढे कळेल. तेव्हा कळून उपयोग नाही.”

जिना उतरताना प्रियदर्शनी चिठ्ठी ओढणीच्या टोकाला बांधत होती. पर्स खांद्याला असून.

*

यादी बद्रीनाथने एका शनिवारी केली. डावीकडे कोथरूडचं घर, उजवीकडे गावचं. मधल्या रकान्यात फरक, शेवटच्या रकान्यात निकाल. गोदाबाईला फोन करून एकेक विचारून घेतलं: किती वाजता उठतो, कशावर झोपतो, दूध गाईचं की म्हशीचं. गोदाबाई सगळं सांगायची. मध्येच गप्प व्हायची, मग पुन्हा सांगायची.

एकेचाळीस फरक निघाले. प्रिंट काढून त्याने फ्रिजवर लावली.

“एका वेळी एकच बदल,” त्याने प्रियदर्शनीला समजावलं. “दोन एकदम केले तर कशाने फरक पडला ते कळत नाही.”

“आणि ती जागा?”

“तिकडे पाठवणं हा पण बदलच ना? तोही मध्येच घुसला तर यादीला अर्थ उरणार नाही.”

*

फरक १. टीव्ही. चादरीत बांधून माळ्यावर टाकला. निकाल: नाही.

*

फरक २. वेणूबाई.

सुतारदऱ्यातून यायची. प्रियदर्शनी क्लासला गेली की चार तास सार्थक तिच्यापाशी. गावी सांभाळायला आजी होती, इथे बाई होती. शिवाय ती टीव्ही लावायची.

“उद्यापासून नको येऊ, वेणूबाई.”

“का वं साहेब? काय चुकलं?”

“चुकलं असं नाही. तपासतोय.”

वेणूबाईने पदराला हात पुसले. “माज्या हातून जेवतंय त्ये. दुसऱ्या कुनाच्या हातून खात न्हाई. येवढं बगून घ्या आदी.”

बद्रीनाथने बघून घेतलं नाही. क्लासला मे महिन्याची सुट्टी होती, प्रियदर्शनी घरीच होती, तरी वेणूबाई गेल्यावर सार्थक तीन आठवडे दूध आणि बिस्किटांवर राहिला. बरगड्या मोजता येऊ लागल्या. निकालाच्या रकान्यात बद्रीनाथने लिहिलं: ‘खाणं कमी. बोलणं नाही.’

*

फरक १९. जमीन.

तिकडे शेणाने सारवलेली, इकडे फरशी. बद्रीनाथने एका गोठ्यातून शेण आणून गॅलरी सारवली. सार्थकने तिकडे पाऊलही टाकलं नाही. सोसायटीच्या फलकावर दुसऱ्या दिवशी: ‘गॅलरी सारवू नये. आपण दुसऱ्या मजल्यावर राहतो. खालच्यांचे पापड वाळत असतात.’

निकाल: नाही.

*

फरक ३. आईची नोकरी.

हा क्रमाने आधी येतो, पण बद्रीनाथला तो आठवायचा नसतो म्हणून नंतर.

चार जून, शुक्रवार, संध्याकाळ. प्रियदर्शनीने ओट्यावर चिठ्ठी ठेवली. “उद्या शेवटचा दिवस आहे. मी जाऊन नाव घालून येते.”

“मला आधी तिसरा फरक बघू दे.”

तिने यादी वाचली होती. सगळ्यांनीच वाचली होती. गॅस सिलिंडर आणणाऱ्यानेही वाचली होती.

“म्हणजे मी घरी बसले तर तो बोलेल, असं म्हणायचंय तुम्हाला.”

“म्हणायचं काही नाही. तपासायचं आहे. तिकडे दिवसभर घरात माणूस असतं. इकडे नसतं.”

“वेणूबाई माणूस नव्हती वाटतं.”

“तिचा फरक वेगळा धरलाय.”

“मी आणि तुम्ही, दोघांनी मिळून हे मूल झालंय ना? मग यादीत आईची नोकरी आहे, बापाची कुठे आहे?”

“दोन्हीकडे बाप घरात नाही,” बद्रीनाथ म्हणाला. “तो फरक नाही.”

हे त्याने चिडून म्हटलं नव्हतं. खरोखरच तसं होतं, आणि तो खरं तेच लिहायचा. प्रियदर्शनीने आत जाऊन क्लासच्या सरांना फोन लावला आणि सोमवारपासून येत नाही म्हणून सांगितलं. सर काहीतरी विचारत असावेत. “हो,” ती म्हणत होती. “हो. मुलासाठी. हो.”

चिठ्ठी ओट्यावरच राहिली. पाच तारीख गेली. सहा गेली.

*

सोळा, सतरा, अठरा. चुलीवरच्या भाकरीसाठी गॅलरीत शेगडी. अंथरूण जमिनीवर. घरात पुण्याची भाषा बंद, वऱ्हाडी सुरू. दोघांनीही ती इथे येऊन झटकून टाकली होती, त्यामुळे जेवणाच्या पाटावर दोघे परक्या गावात आल्यासारखे बोलायचे. “जेवतं का बाप्पा?” प्रियदर्शनी विचारायची. बाप्पा पंख्याखाली उभा असायचा.

रविवारी दहा वाजता मात्र ती फोनपाशी स्टूल घेऊन बसायची. तिकडून “आई” आलं की डोळे मिटायची. एकदा तिने रिसीव्हर सार्थकच्या कानाला लावला. सार्थकने तो हाताने बाजूला केला, रागाने नाही, दारातला पडदा बाजूला करावा तसा.

“त्याला इकडे आणू या ना,” ती बद्रीनाथला म्हणाली. “निदान एक तरी जवळ असू दे.”

“आणि इथे येऊन तोही बंद पडला तर?”

तोवर तिलाही वाटायला लागलं होतं की या घरात काहीतरी आहे, आणि ते बहुधा आपणच आहोत.

*

फरक २३. भावाचा आवाज.

नोव्हेंबर, दिवाळीनंतरचा पंधरवडा. सुदर्शनचं बोलणं टेप करून आणायचं आणि रोज सार्थकला ऐकवायचं, असं ठरलं. बद्रीनाथ छोटा टेपरेकॉर्डर घेऊन शनिवारी निघाला. गावी कळवलं नाही. तपासणी सांगून करत नाहीत.

रविवारी साडेनऊला तो फाट्यावर उतरला. घराकडे जाताना वाटेत गिरणी लागते. गिरणीच्या मागच्या भिंतीला तळवा टेकवून सार्थक उभा होता.

सार्थक कसा असेल. बद्रीनाथने बॅग खाली ठेवली. तीच मान, तोच भोवरा, तेच एका पायावर भार टाकून उभं राहणं. “सुदर्शन,” त्याने हाक मारली. पोराने वळून पाहिलं नाही. गिरणी चालू होती. एवढ्या आवाजात कुणाला ऐकू जाणार, असं बद्रीनाथ स्वतःशी म्हणाला, आणि बॅग उचलून घराकडे गेला. आधी बॅग ठेवू, तोंड धुऊ, मग त्याला घेऊन येऊ.

दारात पाऊल टाकलं तेव्हा दहा वाजले होते. आतला फोन वाजला. परसातून सहा वर्षांची एक मुलगी धावत आली. ही सृष्टी, प्रियदर्शनीच्या भावाची. तिने बद्रीनाथकडे पाहिलंही नाही. खुर्चीवर चढली, रिसीव्हर उचलला, ओठ थोडे पुढे काढले आणि लहान पोराच्या आवाजात म्हणाली:

“आई, मी जेवलो.”

मागोमाग गोदाबाई आली. हाताला राख होती, भांडी घासत असावी. दारात जावई पाहून ती जागच्या जागी खाली बसली.

सृष्टी पुढचं बोलत होती. तिला पाठ होतं.

*

“मुद्दाम नाही केलं,” गोदाबाई म्हणाली. चहा निवून गेला होता. “पहिल्यांदा त्या पोरीनंच फोन उचलला आन् म्हणाली, आई. तिची माय माहेरी गेली होती, तिले वाटलं तिचाच फोन हाय. तिकडून आपली प्रिया रडाले लागली. आनंदानं. जवाई, एवढी रडली. मंग मी कसं सांगू, का बाई, हे ते नोहे?”

बद्रीनाथने कप बाजूला सरकवला.

“वाटलं, दिवाळीपर्यंत बोलन. मंग कोणाले काही सांगाच लागणार नाही.”

“तुम्ही मला दुधाचं सांगितलंत. झोपेचं सांगितलंत. सगळं.”

“ते खरंच सांगतलं.”

“मी त्यावरून यादी—”

“तुमच्याकडचं तसं निंघालं, त कारण होतं,” गोदाबाई म्हणाली. “शहर हाय, माय नोकरीवर हाय. माह्याकडं कशानं बिघडलं? घरात माणसं, अंगण, गाय. मले वाटलं, मीच काही केलं. अंगावरचं दूध तोडून आणलं ना मी त्याले.” तिने राखेचा हात कपाळाला लावला. “दीड वर्ष झालं, मी हेच मोजून राह्यली. काय काय केलं मी.”

तिचीही एक यादी होती. फ्रिजवर नव्हती, एवढंच.

दुपारी तो गिरणीपाशी गेला. सुदर्शन तिथेच होता. या वेळी त्याने बापाकडे पाहिलं, त्याचं मनगट धरलं, आणि तळवा उचलून भिंतीवर नेमक्या जागी टेकवला. कोपरापर्यंत मुंग्या आल्या. सुदर्शन बापाच्या तोंडाकडे बघत होता, आल्या की नाही ते.

टेपरेकॉर्डर बॅगेतच राहिला.

*

परतीच्या प्रवासात बद्रीनाथचं डोकं पुन्हा चालायला लागलं. दोन्ही मशीनवर बंद, म्हणजे प्रोग्रॅममध्येच चूक. वहीच्या मागच्या पानावर त्याने उभी रेघ मारली. डावीकडे आपल्याकडची माणसं, उजवीकडे तिच्याकडची. काका हिंमतराव, कधी पंगतीत बसले नाहीत, रोज एकाच झाडाखाली एकटे जेवले. तिची एक मावशी, जिला वाजंत्री सहन होत नसत. स्वतःच्या नावापुढे त्याने बराच वेळ पेन टेकवून ठेवलं. शाईचा ठिपका पडला.

ती वही घेऊन तो शनिवार पेठेत गेला. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

“म्हणजे आधी घर तपासलंत. आता घराणं.”

“दोन्ही ठिकाणी बंद पडलं. लॉजिक दुसरं काय सांगतं?”

“तुमच्या यादीत फक्त फरक होते. जे दोघांना सारखं मिळालं, ते यादीत आलंच नाही.” बाईंनी फाईल उघडली. “एकच पोट, नऊ आठवडे लवकर बाहेर, अडतीस दिवस काचेत. हे वातावरणच आहे. ते कोथरूड नाही आणि वाशीमही नाही. त्यातही सार्थक पाच दिवस श्वासाच्या यंत्रावर होता, दुसरा नव्हता. लिहिलंत?”

“नाही.”

“तुमच्याकडे प्रोग्रॅम वेगळा आणि मशीन वेगळं. मुलाचं तसं नसतं. आत जे लिहिलंय ते मेंदू बांधत असतं, आणि बांधकाम चालू असताना वर जे कोसळतं, त्यावरून आतलं काय वापरलं जाईल ते ठरत जातं. वेगळं काढायला जागाच नाही मध्ये.”

“पण अंदाजे किती टक्के?”

“टक्के मार्कशीटवर असतात.” त्यांनी फाईल मिटली. “दुसऱ्याने तुमचा हात भिंतीला लावला म्हणता. आणि तोंडाकडे पाहिलं?”

“हो.”

“सार्थक कधी असं करतो? तुम्हाला काही दाखवतो?”

“नाही.”

“हा खरा फरक आहे. का, ते मला माहीत नाही. त्याचं ते दाखवणं वाढवता आलं असतं मात्र.”

“ती जागा,” बद्रीनाथ म्हणाला.

“जुलैतच भरली. आता दीड वर्षाची रांग आहे. आणि तुमची नावं आता दोन आहेत.”

*

प्रियदर्शनी शेगडीपाशी बसली होती. गावाहून आल्यापासून तो काही बोलला नव्हता, आणि तिने विचारलंही नव्हतं. आता त्याने सगळं सांगितलं. सृष्टीचं सांगताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. ती रडेल, असं त्याला वाटलं होतं. तिने तव्यावरची भाकरी उतरवली, शेगडी विझवली आणि उठून फ्रिजवरची यादी काढली.

“तिसऱ्या ओळीत निकाल लिहा.”

“प्रिया, तुझा दोष नव्हता.”

“तोंडी नको. तोंडी काही तुम्ही मानत नाही.”

त्याने पेन घेतलं. हजारो निकाल लिहिले होते त्याने, परदेशातल्या बँकांचे, विमान कंपन्यांचे. लिहिलं: ‘संबंध सिद्ध झाला नाही.’

तिने वाचलं. “सिद्ध झाला नाही. म्हणजे असूही शकतो.”

“कुणीच सांगू शकत नाही. डॉक्टरही नाहीत.”

“हे एप्रिलमध्येच सांगितलं होतं त्यांनी.” तिने कागदाची घडी घातली नाही, फाडला नाही, ओट्यावर पालथा ठेवला. “मी उद्याच्या गाडीने सुदर्शनला आणायला जाते. तुम्ही सार्थकला भरवा. तो तुमच्या हातून खात नाही, तरी भरवा.”

आतल्या खोलीत पंखा एकवर आला. मग दोनवर.

*

कोथरूडच्या केंद्रातली ती जागा नऊ जुलैला कात्रजहून येणाऱ्या एका मुलीला मिळाली होती. ऑक्टोबरमध्ये तिने पहिल्यांदा माठाकडे बोट दाखवून पाणी मागितलं.